पोटातल्या जंतूवर अंगभराचे खापर?

परभणीचा मास्तर: काल येथे एका सदस्याने लिहिले की, अर्धशिशी, केसगळती, हृदयविकार आणि कंपवात या सर्वांचे मूळ एच. पायलोरी हा जठरात राहणारा जंतूच असून घरातल्या प्रत्येकाने 14 दिवसांच्या गोळ्या घेऊन टाकाव्यात. वाचून राहवले नाही. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी 1984 मध्ये हा जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला, 1994 मध्ये तो कर्करोगकारक ठरला आणि 2005 मध्ये मार्शल व त्यांचे सहकारी वॉरन यांना नोबेल मिळाले, हे सर्व मान्य आहे. परंतु जगातील सुमारे निम्म्या माणसांच्या पोटात असलेला जंतू कोणत्याही रुग्णात सापडणारच! प्रत्येक बांधावर कडुनिंब असतो, म्हणून गावातला प्रत्येक ताप कडुनिंबामुळे येत नाही. पोटाबाहेर याचा काहीही संबंध नाही.

लातूरची सून: सर, कडुनिंब राहू द्या. माझे हिमोग्लोबिन तीन वर्षे 7 ते 8 यांच्या मध्ये अडकले होते. लोहाच्या गोळ्या झाल्या, गूळ-शेंगदाणे झाले, "बायकांचे असेच असते" हेही ऐकून झाले. शेवटी दुर्बिणीने तपासले, तेव्हा अल्सर नव्हता, पण हा जंतू निघाला. त्यावरचे उपचार झाल्यावर त्याच गोळ्यांनी हिमोग्लोबिन 11 वर गेले. या दाहात जठरातील आम्ल आणि क जीवनसत्त्व घटू शकते, मग लोह नीट शोषले जात नाही. कारण न सापडणारा लोहाचा रक्तक्षय, बी-12 ची कमतरता आणि प्रतिकारशक्तीच्या गडबडीने प्लेटलेट घटणे, या तिन्हींत हा जंतू तपासावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वेच सांगतात. केसगळती त्यांत नाही, हे मान्य. पण "काहीही" हा शब्द आपला आहे.

टँकरची वाट पाहणारा: आपण लोह मोजत बसा. 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, आणि आमच्या गल्लीत आजही टँकर आठ दिवसांनी येतो. त्याच पिंपातले पाणी पिऊन गोळ्यांचा काय उपयोग?

परभणीचा मास्तर: पाणी हा एक मार्ग असू शकतो, परंतु हा संसर्ग बहुधा लहानपणी घरातच, विशेषतः आईकडून होतो.

टँकरची वाट पाहणारा: म्हणजे शेवटी दोष आईचाच! नळ कोरडा असताना तिने हात कशाने धुवायचे, तेही सांगून टाका.

लातूरची सून: आणि हंडा कोण वाहते, तेही.

परभणीचा मास्तर: मी दोष दिला नाही, मार्ग सांगितला. माझ्या वाक्यात नसलेले शोधू नका.

मेडिकल दुकानदार: भांडण चालू द्या, पण ती कालची पोस्ट दाखवून आज दोन गिऱ्हाइके तपासणीविना पूर्ण कोर्स मागून गेली. मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या कोर्समधल्या प्रतिजैविकांना आपल्याकडे हा जंतू आधीच फार दाद देत नाही. प्रत्येक अर्धवट कोर्स त्यात भर घालतो. रक्ताच्या तपासणीत तर जंतू गेल्यावरही जुन्या संसर्गाच्या खुणा दिसत राहतात. त्यापेक्षा श्वासाची किंवा शौचाची तपासणी बरी. तीही पित्ताची गोळी, डॉक्टरांना विचारून, दोन आठवडे थांबवल्यावर करावी. अन्यथा जंतू असूनही नाही म्हणून येतो.

परभणीचा मास्तर: ठीक आहे, "काहीही" हा शब्द त्या तीन आजारांपुरता मागे घेतो. केसगळतीवाल्यांनी आनंद मानू नये.

लातूरची सून: उपकार झाले. आपण रोज सकाळी पित्ताची गोळी घेता, असे मागे लिहिले होते. वर्षानुवर्षे घेतली तर तीही लोह आणि बी-12 यांचे शोषण कमी करू शकते. तपासून घेतलेत का?

परभणीचा मास्तर: ती गोळी सहा वर्षांपासून चालू आहे आणि तिचा या चर्चेशी संबंध नाही.