बी-२०४ च्या अँबेसेडरचा फटाका

काकू ए-१०३: आज पहाटे सहाला परत तो आवाज! कुकर फुटला वाटून मी स्वयंपाकघरात धावले. शोभेचं दारूकाम गड्ड्याच्या जत्रेला बघतो आपण, रोज पार्किंगमध्ये कशाला?

सेक्रेटरी: बी-२०४, खुलासा करावा 🙏

बी-२०४: सॉरी काकू. बाबांची ८६ ची अँबेसेडर आहे, मार्क ४. महिन्यापूर्वी दुसरा कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा) बसवला तेव्हापासून हे सुरू झालं. आयडलिंग मस्त आहे. पण पाय दिला की क्षणभर गाडी मरते, मग धक्का देऊन उचलते. थंड इंजिनला जोरात रेस दिली की सायलेन्सरमधून फाट्! तुळजापूरच्या घाटात तर तापमानाचा काटा लालला टेकला. कार्बोरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोलची बारीक भोकं, दोनदा बदलून झाले.

सी-३०१: विकून टाक की बे आता

बी-२०४: तू आधी तुझी बुलेट चालू कर

सी-३०१: 😂 प्लगच्या वायरी उलटसुलट झाल्या असतील

बी-२०४: बघितल्या. प्लग पेटायचा क्रम १-३-४-२, बरोबर आहे.

काकू ए-१०३: अण्णांना विचारा ना, एसटीच्या वर्कशॉपला होते ते.

अण्णा सी-००२: एसटीच्या डिझेलला प्लगच नसतो ओ वहिनी, तिथं कसलं स्पार्कचं टायमिंग लावणार! पण त्याआधी चार वर्षं पार्क चौकाजवळ एका गॅरेजात ह्याच गाड्यांवर हात काळे केलेत. बाळा, एकच सांग. प्लगना पाळीने स्पार्क वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या कडेला थाळीसारखी डबी आहे बघ, व्हॅक्युमची. तिची नळी कुठं जोडलीय?

बी-२०४: आधी कार्बोरेटरला होती. ह्या कार्बोरेटरला तसं भोकच नाही, म्हणून मिस्त्रीने मॅनिफोल्डला, म्हणजे कार्बोरेटरखालच्या इंजिनात जाणाऱ्या नळीला लावली.

अण्णा सी-००२: मग जेट बदलून काय उपयोग! आता नीट वाच. जुन्या कार्बोरेटरला ते भोक थ्रॉटलच्या पाकळीच्या किंचित वर असतं. आयडलिंगला पाकळी मिटलेली, तिथं हवेची ओढ (व्हॅक्युम) नाही. थोडा पाय दिला की ओढ येते, डबी पॉइंटची (स्पार्क पाडणाऱ्या उघडझाप पट्ट्यांची) प्लेट खेचते आणि स्पार्क आधी पडतो. हलक्या पायाला पातळ मिश्रण हळू जळतं, म्हणून ही सोय. मॅनिफोल्डचं उलटं, तिथं सगळ्यात जास्त ओढ आयडलिंगलाच. तुझं टायमिंग उभ्या गाडीतच पुढे गेलं, रेस वाढली, आणि मिस्त्रीने डिस्ट्रिब्युटरची बॉडी फिरवून ते मागे घेतलं. आता पाय दिलास की ओढ संपते, डबी सुटते, हातात उरतं ते मागे घेतलेलं टायमिंग. उशिरा पेटलेलं मिश्रण सायलेन्सरपर्यंत जळत जातं. घाटात तापली ती पण त्यामुळंच.

बी-२०४: पण आत वजनं आणि स्प्रिंग असतात ना, ॲडव्हान्ससाठी, म्हणजे स्पार्क आधी पाडायला?

अण्णा सी-००२: ती फक्त रेस ओळखतात, तुझा पाय किती दाबलाय ते त्यांना कळत नाही. मिनिटाला ३००० फेऱ्यांना क्रँक (इंजिनचा मुख्य दांडा) एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो, ते सांभाळणं वजनांचं काम. दोघांची कामं वेगळी.

डी-१०२: पुण्यात मेव्हण्याची बीटल आहे, तिचंही हेच. बॉशचा ००९ डिस्ट्रिब्युटर, त्याला डबीच नाही, नुसती वजनं. वर ३४ पिक्ट-३ कार्बोरेटर. पाय दिला की गचका.

अण्णा सी-००२: बघ! जोडी जुळली पाहिजे. जुना कार्बोरेटर टाकला नाहीस ना?

बी-२०४: माळ्यावर पोत्यात आहे.

अण्णा सी-००२: त्यालाच रिपेअर किट टाक आणि परत चढव. मग आधी पॉइंटचा गॅप, फीलर गेजने, व्हिजिटिंग कार्डाच्या अंदाजाने नको. गॅप हलला की टायमिंग हलतं, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही. मग पुलीची खूण पुस्तकातल्या डिग्रीवर आण, एक नंबरच्या सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला. बारा व्होल्टचा बल्ब पॉइंटच्या वायरीला आणि गाडीच्या बॉडीला लाव, इग्निशन ऑन. डिस्ट्रिब्युटर हळू फिरव, बल्ब पेटला त्या क्षणी बोल्ट आवळ. डिस्ट्रिब्युटरचा एक अंश म्हणजे क्रँकचे दोन, हात जपून. नंतर टायमिंग लाइटने बघताना नळी काढून तिचं तोंड बंद कर. मी येतो रविवारी, चष्मा घेऊन.

सेक्रेटरी: रविवारी नऊनंतरच. आणि गाडी गेटकडे तोंड करून लावा, सायलेन्सर ए विंगकडे नको.

काकू ए-१०३: अण्णा, नाश्त्याला इकडेच या. फाट् झालं तर मात्र नुसता चहा मिळेल.