'होपफुली' : आशेने की आशा आहे?

मुक्ता : 'शी वेटेड होपफुली', म्हणजे ती आशेने वाट पाहत राहिली. क्रिया कशी घडली हे सांगणं, हे या शब्दाचं जुनं काम. आता सगळीकडे 'होपफुली, इट विल रेन', म्हणजे पाऊस पडेल अशी आशा आहे. आशेने कोण पडतंय, पाऊस? पण व्याकरणापेक्षा मला दुसरंच खुपतं. 'आय होप' म्हटलं की आशा कोणाची ते कळतं. 'होपफुली, रिपोर्ट उद्या मिळेल' असं म्हणणारा स्वतः अंग काढून घेतो. नाही मिळाला तर जाब कोणाला विचारायचा?

निरंजन : मग 'थँकफुली, इट रेन्ड' म्हणताना पाऊस कृतज्ञतेने पडतो का? अशी क्रियाविशेषणं अख्ख्या वाक्याला लागतात, त्यातून बोलणाऱ्याच्या मनातलं कळतं. 'फ्रँकली', 'सॅडली' अशीच वापरतात, त्यांच्यावर कोणी तुटून पडत नाही. वेबस्टरच्या १९६१च्या थोरल्या इंग्रजी शब्दकोशात 'होपफुली'चा 'आशा आहे' हा अर्थ आहे. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेनेही २०१२मध्ये तो मान्य केला.

मुक्ता : 'फ्रँकली'मध्ये प्रांजळपणा बोलणाऱ्याचा, हे उघड आहे. 'शी विल होपफुली लीव्ह टुमॉरो' घ्या. ती आशेने निघणार, की ती निघावी अशी माझी आशा? कोशात आलं म्हणून संदिग्धता जात नाही.

ओवी : मी संपादनाचं काम करते. हा घोळ शब्दाच्या जागेमुळे होतो. सुरुवातीला ठेवून स्वल्पविराम दिला, तर वाचक बहुधा 'आशा आहे' असंच वाचतो. क्रियापदानंतर, शेवटी आला तर 'आशेने'. मधे घुसवला की गोंधळ. तिथे मी वाक्यच बदलायला लावते.

निरंजन : ओवीताई, हे पटलं. मुक्ता, जबाबदारीचं म्हणाल तर एक सांगा. 'होपफुली' नको म्हणणारी मंडळी 'इट इज होप्ड दॅट' सुचवायची. त्यात तरी आशा कोणाची ते कुठे कळतं? उलट जास्तच लपतं! कर्मणी रचनेत कर्ता आरामात गायब होतो. बिचाऱ्या एका शब्दावर एवढा राग का?

मुक्ता : खरं आहे, 'इट इज होप्ड' त्याहून वाईट. तेही मी खोडेन. पावसाबद्दल 'होपफुली' म्हणा, पाऊस कोणाच्याच हातात नसतो. रिपोर्ट तुमच्या हातात असेल, तर 'उद्या देतो' किंवा 'उद्या जमणार नाही' एवढंच लिहा.