रि: ॲशव्हिल – व्हॅन कोण चालवणार ते आज सांगा!!

प्रेषक: बंटी
मंडळी, व्हॅनवाल्याला आज रात्री ड्रायव्हरचं लायसन्स पाठवायचंय नाहीतर बुकिंग गेलं. 12 सीटर आहे, मागच्यासारखं तीन गाड्या आणि त्यातली एक भलत्याच एक्झिटला असं यावेळी नको. ॲशव्हिलच्या बियर ट्रिपला शनिवारी आठला निघायचं, जाता जाता मिल्स रिव्हरला सिएरा नेवाडा ब्रुअरीत जेवण, मग हॉटेल. न पिणारे दोघंच आहेत, मिनूवैनी आणि दिलीपभाऊजी, तर तुम्ही आपसात ठरवून कळवा.

प्रेषक: मिनू
आपसात ठरवून कळवा म्हणजे काय? मी पीत नाही म्हणजे मी सगळ्यांची ड्रायव्हर झाले का? वायनरीला मीच, कोजागिरीला मीच, एकेकाला दारापर्यंत सोडलं आणि वर मागच्या सीटवरून "मिनू लेन बदल, मिनू एसी वाढव" चालूच. मलाही डोंगर बघायचेत, येताना हायवेवरच्या सलुडाच्या उतारावर दोन ट्रकांच्या मधे स्टिअरिंग आवळून बसायचं नाहीये. बंटी, तू एक दिवस लिंबू सरबतावर काढ की, काही होत नाही.

प्रेषक: नाना
मिनूचं बरोबर आहे पण मूळ मुद्दा बाजूलाच राहिला. प्लॅनमध्ये हायलँड ब्रुअरी कुठाय? ॲशव्हिलच्या क्राफ्ट बियरची सुरुवात 1994 साली ऑस्कर वाँगने तिथूनच केली, तीही डाउनटाउनमधल्या एका तळघरात. सिएरा नेवाडा मूळची कॅलिफोर्नियाची, इथे आली 2014 ला. आणि आजच्या मुलांना माहीत नसेल, 2005 पर्यंत नॉर्थ कॅरोलायनात 6 टक्क्यांच्या वरची बियर विकताच येत नव्हती. हायलँड सोडून यायचं म्हणजे पंढरपुरात जाऊन विठोबा न बघता मिसळ खाऊन परत.

प्रेषक: खजिनदार
नाना, विठोबाला यात आणू नका प्लीज, लिस्टवर ज्येष्ठ मंडळी आहेत.
आणि बंटी, ही मंडळाची ट्रिप नाही, मित्रांची आहे. डिपॉझिट मंडळाच्या खात्यातून जाणार नाही आणि बुकिंगवर मंडळाचं नावही नको. गणपतीच्या वर्गणीतून बियर, ही चर्चा मला वार्षिक सभेत नकोय.

प्रेषक: नाना
ज्येष्ठ मीच आहे.

प्रेषक: संजू
चाय पानी रेस्टॉरंटचं कोणी बोलतच नाहीये?? मेहेरवान इराणी आमच्या नगरचा माणूस आहे, 2022 ला जेम्स बियर्ड अवॉर्ड्समध्ये अख्ख्या अमेरिकेतलं आउटस्टँडिंग रेस्टॉरंट म्हणून निवडलंय. संध्याकाळी रांग असते, लवकर जाऊ. भेंडी फ्राइज मागवा, उभी चिरून तळलेली, वर मीठ लिंबू, पहिली प्लेट टेबलावर टेकायच्या आत संपते. आणि त्याच्याबरोबर आयपीए म्हणजे ती कडू बियर घेऊ नका, कडवटपणाने तिखट अजून चढतं, साधी हलकी पिल्सनर घ्या.

प्रेषक: राजू
वडापाव खायला दोन तास ड्राइव्ह? आमच्या पुण्यात डूलालीने 2009 ला देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरी पबांपैकी एक काढला तेव्हा तुमच्या नगरमध्ये काय होतं रे?

प्रेषक: संजू
2009 ला नगरचा माणूस ॲशव्हिलमध्ये चाय पानी उघडत होता.

प्रेषक: दिलीप
व्हॅनचं सांगतो. जाताना येताना मी चालवीन, पण शनिवारी हॉटेलला लागली की चावी माझ्या खिशात, रविवारी सकाळपर्यंत निघणार नाही. हॉटेल साउथ स्लोप या ब्रुअरींच्या भागाला लागूनच आहे, बरिअल, विकेड वीड या ब्रुअरी सगळं पायी होतं, चाय पानीही आता तिकडेच आलंय. नानांना हायलँडला जायचंच असेल तर त्यांनी उबर करावी. आणि व्हॅनमध्ये उघडा कॅन कोणाच्याही हातात नको, मागच्या सीटवरसुद्धा नाही, इथे पॅसेंजरलाही चालत नाही.

प्रेषक: राजू
विकेड वीड कशाला, ते 2017 पासून बडवायझरवाल्यांचं आहे. ते विकल्यावर बाकीच्या किती ब्रुअरींनी त्यांच्या फेस्टिव्हलमधून अंग काढून घेतलं होतं. सावर म्हणजे आंबट बियर चांगली करतात हे मान्य, पण पैसे लोकल लोकांना जाऊदेत की. 2024 च्या हेलीन वादळानंतर दोन महिन्यांच्या आसपास त्या गावाला नळाचं पाणी पिता येत नव्हतं, पाण्याशिवाय बियर कशी बनवायची? कितीजणांनी टँकरवर दिवस काढले.

प्रेषक: मिनू
दिलीपभाऊजी थँक्यू, पण एकट्याने दोन्ही बाजू चालवू नका. जाताना मी घेते, चढ आहे, चालेल मला. येतानाचा उतार तुमचा. पुढच्या सीटवर संजू बसेल, नाना नाही.

प्रेषक: नाना
का??

प्रेषक: बंटी
मिनूवैनी, दिलीपभाऊजी, दोघांच्या लायसन्सचे फोटो मला व्हॉट्सॲप करा, लिस्टवर टाकू नका. डिपॉझिट मी माझ्या कार्डवर भरतोय, माणशी हिशोब सोमवारी. नाना, उबरमध्ये तुमच्याबरोबर अजून कोण ते तुम्हीच विचारून घ्या.

प्रेषक: राजू
नाना मी येतो. हायलँडनंतर विकेड वीडला मात्र नाही.