अरबांना लोकशाही नकोच आहे, हे ठरवले कोणी?

निशिगंध:
अरब समाजाला लोकशाहीची ओढच नाही, 2011 चे उठाव म्हणजे महागाईची दंगल होती आणि अखेर सगळे हुकूमशहांच्याच आश्रयाला गेले, असे ‘स्पष्टवक्ता’ यांनी काल लिहिले. ते वाचून गप्प बसवेना. ट्युनिशियातल्या सिदी बूझिदच्या मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने 17 डिसेंबर 2010 रोजी गव्हर्नरच्या कचेरीसमोर पेटवून घेतले, ते वजनकाटा जप्त झाल्यावर त्याचे म्हणणे कोणी ऐकूनही घेतले नाही म्हणून. महिनाभरात तिथले राष्ट्राध्यक्ष बेन अली 23 वर्षांची सत्ता टाकून सौदीला पळाले. इजिप्तमधली माणसे कोणाच्या आश्रयाला गेली? 14 ऑगस्ट 2013 रोजी कैरोच्या रबा चौकात, लष्कराने हटवलेल्या राष्ट्राध्यक्ष मोर्सींसाठी धरणे धरलेले किमान 817 जण एका दिवसात मारले गेल्याची नोंद ह्यूमन राइट्स वॉच या मानवाधिकार संघटनेने केली आहे. ज्यांना लोकशाही नकोच, त्यांच्यावर इतक्या गोळ्या कशाला झाडाव्या लागतात?

स्पष्टवक्ता:
दीड महिना आधीचे आपण सोयीस्करपणे गाळलेत. निवडून आलेल्या मोर्सींना हटवा म्हणून लाखो लोक 2011 च्या उठावाच्याच तहरीर चौकात जमले होते आणि 3 जुलैला लष्कराने सत्ता घेतल्यावर तिथे आतषबाजी झाली. शिवाय त्यांच्या घोषणेत भाकरी आधी आहे, स्वातंत्र्य नंतर. 1977 मध्ये इजिप्तचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सादात यांनी अन्नावरचे अनुदान कापताच दंगे उसळले आणि दरवाढ मागे घेताच शमले. पोट भरले की चळवळ संपली.

जुनाजाणता:
गव्हाचे कोणी नीट बोलतच नाही. 2010 च्या दुष्काळात रशियाने निर्यात बंद केली आणि सर्वांत मोठा आयातदार इजिप्त होता. आमच्या कुटुंबाचा धान्याचा व्यापार आहे. भाव चढला की गिऱ्हाइकाचा आवाज कसा चढतो, हे मला पुस्तकात वाचावे लागत नाही.

निशिगंध:
मग हिशोबच करू. इजिप्तमधली अनुदानित रोटी 2011 मध्येही 5 पियास्टरलाच (पियास्टर म्हणजे इजिप्शियन पौंडाचा शंभरावा भाग) मिळत होती, तरी राष्ट्राध्यक्ष मुबारक यांची सत्ता गेली. जून 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष सीसींच्या सरकारने तीच रोटी 20 पियास्टरला केली, म्हणजे भाव चौपट झाला, तरी रस्त्यावर कोणी आले नाही. आपला गहू दोन्ही वेळा चुकीचा निघाला.

जुनाजाणता:
रोटी सोडून बाकी बाजार किती महागला होता, तेही पाहा. आणि 2024 मध्ये लोक आले नाहीत, कारण तुरुंग भरलेले आहेत.

निशिगंध:
म्हणजे त्यांना भीतीने रोखले, भरल्या पोटाने नव्हे. आभारी आहे.

खाडीपारचा:
भाकरीचा हा वाद बहारीनला लावून दाखवा. 2011 मध्ये मी तिथल्या राजधानीत, मनामात होतो. पर्ल चौकात तंबू पडले होते, मोठमोठ्या पातेल्यांत चहा उकळत होता, बायका वेगळ्या बाजूला बसून घोषणा देत होत्या आणि मागणी होती निवडून आलेल्या सरकारची. आमच्या इमारतीतले मराठी लोक मात्र गॅलरीतून बघत ‘यांना काय कमी आहे?’ म्हणत होते. आणि हे म्हणणाऱ्यांचे पासपोर्ट मालकाच्या कपाटात! 14 मार्चला सौदी फौजा दोन देशांना जोडणाऱ्या पुलावरून राजाच्या मदतीला आल्या आणि चारच दिवसांत चौकातला मोत्याचा स्तंभही पाडला गेला. काँक्रीटच्या खांबाला भाकरी लागत नाही, तरी राजाला तो नकोसा झाला.

स्पष्टवक्ता:
बहारीन घ्या आपल्या पदरात, हवे तर ओटी भरून देतो. पण तिथल्या शिया-सुन्नी तेढीबद्दल आपण चकार शब्द काढला नाहीत. आणि ट्युनिशियाचे काय? 25 जुलै 2021 रोजी राष्ट्राध्यक्ष सईद यांनी संसद गोठवली, तेव्हा तिथलेच लोक हॉर्न वाजवत रात्री रस्त्यावर नाचले. 2024 मध्ये त्याच सईदना नव्वद टक्के मते मिळाली.

निशिगंध:
त्या निवडणुकीत उमेदवार तीन, त्यांतला एक तुरुंगात, आणि मतदान 29 टक्क्यांच्या आसपास. जे घरी बसले, त्यांना आपण कोणाच्या बाजूला धरता?

स्पष्टवक्ता:
कोणाच्याच नाही. आपल्याला मात्र घरी झोपलेला माणूसही क्रांतिकारक दिसतो. तुरुंगातल्या उमेदवाराचा मुद्दा तेवढा मान्य करतो, कारण तो नाकारायला मला सईद यांच्याकडून पगार मिळत नाही.