सोलर आत्ता ३ किलोवॅट, पुढे ५: इन्व्हर्टर कोणता घ्यावा?

प्रश्न: महिन्याला ३०० युनिट जळतात. ३ किलोवॅटचं सोलर पुरेल असं दिसतंय, पण दोनेक वर्षांत विजेवरची गाडी येणार. इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) आत्ताच ५ चा घेऊ का?

उत्तर १: घ्याच. मी ३ चा घेतला आणि एसी आल्यावर पस्तावलो. पॅनेल नंतर वाढवता येतात, इन्व्हर्टर अख्खा बदलावा लागतो. (वायरही आत्ताच जाड टाका, भिंत पुन्हा फोडणं नको.)

उत्तर २: फक्त त्याचं स्टार्ट व्होल्टेज बघा, म्हणजे तो चालू व्हायला पॅनेलकडून किमान किती व्होल्टेज लागतं ते. माझी ४ पॅनेलची स्ट्रिंग (एकामागोमाग जोडलेली पॅनेल) त्यापुढे कमी पडायची, म्हणून सकाळी उशिरा जागी व्हायची, संध्याकाळी लवकर झोपायची.

प्रश्नकर्ता: इन्व्हर्टरला एमपीपीटी (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा भाग, त्याला स्ट्रिंग जोडतात) दोन आहेत. नवी पॅनेल दुसऱ्यावर?

उत्तर २: हो. जुन्या स्ट्रिंगमध्ये कोंबू नका. कमी करंटचं पॅनेल सगळ्यांना मागे खेचतं.