अनुभव धागा : अ‍ॅमलोडिपिन आणि पायांवरची सूज

बीपीची पहिली गोळी म्हणून पुष्कळ घरांत अ‍ॅमलोडिपिनच येते. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूंना आखडायला कॅल्शियम लागतं. ही गोळी ते आत शिरायची वाट अडवते, वाहिनी सैलावते, दाब उतरतो. हाडांतल्या कॅल्शियमशी तिचं काही देणंघेणं नाही, तेव्हा दूध-दही बंद करू नका (आमच्या सोसायटीत दोघांनी केलं होतं, म्हणून मुद्दाम लिहितोय). सिल्निडिपिन आणि निफेडिपिन याच गटातल्या. व्हेरापामिल, डिल्टियाझेमही याच गटातल्या, पण त्यांचा परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर जास्त.

इतकी कामाची असूनही ही गोळी लोक परस्पर सोडून देतात, आणि कारण विचारलं की बहुतेक वेळा पायांवरची सूज निघते. म्हणून हा धागा. तुमचे, घरच्यांचे अनुभव सविस्तर लिहा. डोस मात्र कोणी कोणाला सुचवू नका.

सदाफुली, कोल्हापूर
सासूबाईंना 10 मिलिग्रॅम चालू होती. सकाळी पाय बरे असायचे, संध्याकाळी घोटे असे फुगायचे की चपलेत पाऊल जाईना. शेजारच्या मावशी म्हणाल्या, "किडनी बघून घ्या हो." घरात जेवण गोड लागेना. तपासण्या केल्या तर क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) व्यवस्थित, लघवीत प्रथिनं नाहीत. एका दवाखान्यात लघवीची गोळी वाढवून दिली. रात्री चार-चार वेळा उठणं आलं, सूज होती तिथंच. शेवटी एका फिजिशियननी सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, लघवीची गोळी काढली, अ‍ॅमलोडिपिन 5 वर आणली आणि जोडीला टेल्मिसार्टन ही बीपीचीच, पण वेगळ्या गटातली गोळी दिली. महिन्याभरात घोट्याचं हाड दिसायला लागलं. बीपीही आधीपेक्षा चांगलं राहिलं.

खलबत्ता (औषधशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त)
सदाफुली, तुमच्या डॉक्टरांनी नेमकं केलं. अ‍ॅमलोडिपिननं बारीक धमन्या रुंदावतात, पण पलीकडच्या बारीक शिरा तेवढ्या रुंदावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. उभं राहिलं की ते घोट्याशी उतरतं. शरीरात मीठ-पाणी साठल्यानं आलेली ही सूज नव्हे, म्हणून लघवीच्या गोळीनं ती फारशी हलत नाही. टेल्मिसार्टन शिरांची बाजूही मोकळी करते, म्हणून फरक पडतो. 5 पेक्षा 10 वर सूज जास्त दिसते, बायकांत जास्त दिसते. सिल्निडिपिनवर ती कमी आढळते, त्यामुळे काही डॉक्टर गोळी बदलून देतात.

पण एकाच पायाला सूज, दुखणं, किंवा सुजेबरोबर धाप लागत असेल तर गोळीवर ढकलू नका. त्याच दिवशी दाखवा.

निळासावळा, नाशिक
मला सूज अजिबात नाही. हिरड्या मात्र वाढल्या, दातांवर चढल्यासारख्या. दातांच्या डॉक्टरांनी तोंड बघताच विचारलं, "बीपीला काय घेता?" गोळी बदलल्यावर हळूहळू उतरल्या. याबद्दल आधी कोणी बोललंच नव्हतं.

ओसरी, सिंधुदुर्ग
मी उपकेंद्रात काम करते. उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम महाराष्ट्रात सुरू झाला तेव्हा पहिल्या काही जिल्ह्यांत आमचा जिल्हा होता. गोळ्या फुकट मिळतात, तरी खाडे होतात. लावणीच्या दिवसांत तर हमखास. माणसं सांगतात, "गोळी सोडली तरी दोन दिवस काय झालं नाय, म्हणजे गरज नाय." अ‍ॅमलोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायलाच 30 ते 50 तास लागतात, त्यामुळे एखाद-दुसरा खाडा जाणवत नाही. आठवड्यानं आले की यंत्रावर 170 दिसतं, आणि तेव्हाही डोकं दुखत नसतं. हे मी प्रत्येकाला, प्रत्येक वेळी, न कंटाळता सांगते.

पहिलटकरीण
पाचव्या महिन्यात बीपी वाढलं तेव्हा डॉक्टरांनी सावकाश विरघळणारी निफेडिपिन दिली. घरात सगळ्यांना भीती, बाळाला काही होईल का. गरोदरपणात ही गोळी बरीच वर्षं वापरात आहे, हे डॉक्टरांनी आईला शांतपणे समजावलं. टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या मात्र या काळात चालत नाहीत, म्हणून आधीपासून बीपी असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टरांशी बोला. लेक आता रांगते.

वाटसरू
वडिलांना ठोके अनियमित म्हणून डिल्टियाझेम आहे. गावी बीपी वाढलं आणि दुसऱ्या डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल लिहून दिली. दोन्ही ठोके मंदावणाऱ्या. मेडिकलवाल्या मुलानं जुनी चिठ्ठी मागितली आणि म्हणाला, "काका, आधी तुमच्या हार्टच्या डॉक्टरांना फोन लावा." त्या मुलाचे उपकार आहेत आमच्यावर. तेव्हापासून चालू गोळ्यांची यादी बाबांच्या पाकिटात असते.

टेम्सकाठ
इथे ब्रिटनमध्ये पंचावन्न ओलांडलेल्या आणि मधुमेह नसलेल्या माणसाला याच गटातली गोळी पहिली देतात. मलाही तीच आहे. सूज थोडी, चालायला गेलं की कमी वाटते.

रानजाई
एक विचारायचं होतं. बाबांचं बीपी अचानक 190 झालं तर जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची का? काकांच्या वेळी तसं करायचे.

धागाकर्ता
नको. पूर्वी सर्रास करायचे, आता ते सोडून दिलंय. दाब इतका झपकन उतरतो की मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडून झटका येऊ शकतो. पाच मिनिटं टेकून बसवा, परत मोजा. छातीत दुखणं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं, दिसायला कमी होणं, धाप, यांतलं काही असेल तर थेट रुग्णालय. नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना फोन.

सदाफुली, कोल्हापूर
आणि गोळी सकाळी की रात्री?

खलबत्ता
2022 मध्ये ब्रिटनमधल्या एकवीस हजारांहून अधिक लोकांवरच्या चाचणीचे निकाल आले. बीपीच्या गोळ्या सकाळी घेणारे आणि रात्री घेणारे यांच्यात हृदयविकार, पक्षाघात यांचं प्रमाण जवळपास सारखंच निघालं. सासूबाईंना जी वेळ आठवणीत राहते तीच धरा.