मदत हवी आहे: मागच्या दारातून गाडीत पाणी येतंय

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची, जुळे सोलापुरात उघड्यावरच उभी असते. परवाच्या पावसात ड्रायव्हरमागच्या दाराखालचं मॅटिंग ओलंचिंब झालं. जुनी सोलापुरी चादर अंथरली, तीही पिळून काढावी लागली!

काल भावाला आत बसवून बाहेरून पाइपने पाणी सोडलं. काचेच्या वरच्या बाजूने थेंबही नाही. पाणी येतं ते दाराच्या आतल्या पॅनेलच्या खालच्या कडेने. काचेची बाहेरची रबरपट्टी उन्हाने पापडासारखी कडक झालीय (इथला मे महिना तुम्हाला माहीतच आहे). दाराच्या तळाची भोकं मातीने बुजली होती. तारेने मोकळी केली तर भसकन गढूळ पाणी आलं. तरी थोडं झिरपतंच.

पॅनेलमागची प्लॅस्टिक शीट सुटली असावी असा माझा संशय. गॅरेजवाला म्हणतो, सगळीकडे सिलिकॉन मारू. मला नाही पटत. दारात पाणी थोडं उतरणारच, त्याची खालची वाटच बंद केली तर पत्रा सडेल.

शीट चिकटवायला ब्युटाइल टेप सोलापुरात कुठे मिळेल? क्लिपा न मोडता पॅनेल कसं काढायचं? रबरपट्टी ओरिजिनलच घ्यावी, की मीटरवर मिळते ती चालेल? मॅटिंगचा कुबट वासही जात नाहीये, त्यावरही काही उपाय असेल तर सांगा.